आधी मोजमाप, मग ट्राम!

नवं तंत्रज्ञान दारात येऊन उभं राहिलं, की त्याला 'ये' म्हणायचं की 'थांब'? आज या प्रश्नावर जगभरच्या युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंट्स चालतात. मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका पारशी शास्त्रज्ञाने त्याचं उत्तर प्रत्यक्षात करून दाखवलं. त्या उत्तराचा पत्ता आहे, अलिबाग.

'अलिबाग से आया है क्या?' मुंबईत लहानाचे मोठे झाला असाल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नाहीतर कुणाला तरी ऐकवलं असेल. अलिबागकरांच्या हे इतकं जिव्हारी लागलं, की २०१९ मध्ये प्रकरण थेट मुंबई हायकोर्टात गेलं. कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद म्हणून घ्या, असा एकूण सूर. तर, ज्या गावाच्या नावाने आपण एकमेकांना 'बावळट' ठरवतो, त्याच गावात एक अशी जागा आहे जिचे आकडे जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोमध्ये चढणाऱ्या, मांडव्याला उतरून थेट रिसॉर्ट गाठणाऱ्या आपल्या पब्लिकला तिचा पत्ताच नसतो. कुलाबा किल्ला पाहतो, ओहोटी असेल तर घोडागाडी, मग पापलेट थाळी. संपला अलिबाग.

ती जागा म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणाक्षणाला होणारे बदल टिपणारी. १९०४ पासून ती अलिबागला आहे. पण मुळात ती अलिबागची नव्हे. ती मुंबईहून आली, आणि का आली हीच खरी स्टोरी आहे.

कुलाब्याची सुई

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली. जहाजांना वेळ आणि दिशा लागते, हे व्यापाऱ्यांना पक्कं कळत होतं. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. पद्धत ऐकायला सोपी. एक लोहचुंबक दोऱ्याला टांगायचा आणि तो किती हलतो ते पाहायचं. अडचण एवढीच, की तो फारच थोडा हलतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण चाळीस हजार नॅनोटेस्ला. (नॅनोटेस्ला हे मोजायचं एकक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) एरवीच्या शांत दिवशी त्यात फरक पडतो तो काही दशकांचा. चाळीस हजारांतले चाळीस-पन्नास! आणि ते टिपायला रात्रंदिवस कुणीतरी जागं राहायचं. वर्षानुवर्षं.

या जागणाऱ्यांत मराठी माणसं होती. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. त्यांच्याच वेळचे इथले सहायक म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना. आणि हे केरूनाना कुठले? नागावचे. हो, तेच नागाव, अलिबागशेजारचं, जिथे तुम्ही बनाना राइडला रांग लावता. चुंबकसुई अलिबागला जायच्या साठ वर्षं आधी अलिबागचा मुलगा सुईपाशी येऊन बसला होता.

१८९६ मध्ये वेधशाळेची सूत्रं नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे आली. जन्म मुंबईचा, १८५९ चा, शिक्षण एडिंबरोपर्यंत. ब्रिटिश साहेबांच्या परंपरेत हे पहिले भारतीय संचालक, असं त्यांना म्हटलं जातं. (जांभेकरांची आठवण ठेवून हे वाक्य वाचावं.) १९१९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, ते त्या खुर्चीत होते. आज आपण दोन वर्षांत जॉब बदलतो आणि तिसऱ्या वर्षी बायोडेटा अपडेट केला नाही तर मित्र काळजी करतात! तेवीस वर्षं एकाच जागी बसल्यामुळे काय दिसतं, हे मूस यांच्या कामात दिसतं.

घोडे गेले, वीज आली

मुंबईत ट्राम १८७४ मध्ये आली ती घोड्यांची. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला. उन्हात घोडे थकायचे, पावसात घसरायचे, शेणाचा वास वेगळाच. त्यामुळे १९०० च्या सुमारास विजेच्या ट्रामची चर्चा सुरू झाली, तेव्हा शहराला ती हवीच होती. गिरण्या वाढत होत्या, वस्ती वाढत होती. प्लेगने घायाळ झालेल्या मुंबईला दाट वस्तीबाहेर पसरायचं होतं. विजेची ट्राम म्हणजे त्या काळची मेट्रो. तिला नको कोण म्हणणार?

वेधशाळेला मात्र धडकी भरली असणार. कारण साधं आहे. ट्राम चालायची डीसी करंटवर. वरच्या तारेतून करंट येणार, मोटर फिरवणार आणि रुळांतून परत जाणार. पण रूळ जमिनीत पुरलेले. सगळा करंट शिस्तीत रुळातूनच परत जाईल कशाला? थोडा जमिनीत गळणारच. जिथे करंट, तिथे चुंबकीय क्षेत्र. कुलाब्याला ट्राम सुटली की सुई हलणार, थांबली की हलणार, चढावर जोर लावला की आणखी हलणार. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला बसलेला माणूस प्रत्यक्षात ट्रामचं टाइमटेबल मोजत बसणार.

हा काही मुंबईपुरता प्रॉब्लेम नव्हता. टोरंटोच्या वेधशाळेने ट्रामपायी १८९८ मध्येच शहर सोडलं होतं. लंडनच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम १९०८ मध्ये पार स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेलं. ग्रीनिचचा नंबर १९२० च्या दशकात लागला, तो विजेच्या रेल्वेमुळे. जगात सगळीकडे एकच सिनेमा लागला होता, हिरो वीज आणि बिचारी सुई साइड रोलमध्ये.

आता मूस यांच्यापुढे पर्याय काय होते? एक, ट्रामला कडाडून विरोध करायचा. हरले असते. आणि जिंकले असते तर ते अधिक वाईट झालं असतं, असं माझं मत. एका सुईसाठी लाखो माणसांनी चालत कामावर जायचं, हा कुठला न्याय? दोन, गप्प बसायचं, सरकारी नोकरी आहे, पगार चालू आहे. तीन, सामान उचलून दुसरीकडे जायचं. हा तिसरा पर्याय वाटतो सोपा, पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. दोन जागांचे आकडे कधीच सारखे नसतात. आज कुलाबा बंद करून उद्या अलिबाग सुरू केलं, तर मधल्या उडीत काय बदललं ते कळणार कसं? पृथ्वी बदलली की फक्त पत्ता बदलला? साठ वर्षांची मालिका तिथेच तुटली असती. जुने आकडे एका कपाटात, नवे दुसऱ्या कपाटात, आणि दोघांची ओळख करून द्यायला कुणी नाही.

कुलाब्याहून कुलाब्याला

मूस यांनी जागा शोधली अलिबागची. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर, मध्ये समुद्र, ट्राम नाही, रेल्वे नाही. (प्रवासी गाडीसाठी अलिबागकर अजूनही पेण गाठतात, हा भाग वेगळा.) गंमत बघा, तेव्हा अलिबाग ज्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, त्याचं नाव होतं 'कुलाबा'. रायगड हे नाव १९८१ चं. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली ती कुलाबा जिल्ह्यात आली, समोर समुद्रात कुलाबा किल्ला. पत्रांचा किती घोळ झाला असेल कोण जाणे!

इमारत बांधली ती अशी, की कुठे लोखंडाचा खिळा नाही. पोरबंदरी दगड, आणि जिथे धातू लागेल तिथे तांबं-पितळ. उपकरणांची खोली म्हणजे खोलीच्या आत खोली, बाहेरचं ऊन आत पोचू नये म्हणून. उष्णतेनेही सुईचा मूड बिघडतो ना! अशा वेधशाळेत मुख्य मोजमाप करायला जाणारा माणूस किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं बाहेर ठेवून जातो. आपल्या ऑफिसच्या सिक्युरिटीला लाजवेल अशी तपासणी, तीही स्वतःची स्वतः.

आणि मग आली ती सगळ्यात महत्त्वाची दोन वर्षं. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी झाल्या. इकडे सुई इतकी हलली तेव्हा तिकडे किती? उन्हाळ्यात किती, पावसात किती? दोन वर्षं दोन्ही सुया शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यासारखं. त्यातून दोन्ही जागांमधला फरक पक्का झाला आणि मग १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं थांबली. मुंबई सरकारनेही पर्यायी जागेची सोय पाहूनच विजेला वाट दिली. ७ मे १९०७ ला मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. लोकांनी जल्लोष केला असणार, करायलाच हवा होता. त्या जल्लोषात कुणाच्या लक्षात आलं नाही की ट्राम यायच्या आत एका माणसाने आपलं काम नीट आवरून ठेवलं होतं.

म्हणून कुलाबा-अलिबाग ही मालिका १८४० च्या दशकापासून आजपर्यंत सलग वाचता येते. इतकी लांब आणि सलग मालिका जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

बरं, उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या मनात मघापासून असणार, बॉसने प्रेझेंटेशनमध्ये विचारावा तसा. तर ऐका.

२ सप्टेंबर १८५९. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता आणि त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, ऑपरेटर्सना शॉक बसले, जिथे कधी दिसत नाहीत तिथे ध्रुवीय प्रकाश दिसले. आज त्याला 'कॅरिंग्टन वादळ' म्हणतात. कुलाब्यात त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सहायकांनी सुई विचित्र हलताना पाहिली आणि नेहमीपेक्षा भराभर आकडे लिहून काढले. ती माणसं कोण, हे नाव घेऊन सांगायला मला आवडलं असतं. आकडा मात्र उरला. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. मघाचे ते चाळीस-पन्नास आठवा आणि त्याशेजारी हे सोळाशे ठेवा! मूस यांचा जन्म त्याच वर्षातला, हा आपला योगायोग.

मूस यांनी काय केलं, तर १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी छाननी करून १९१० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापल्या. पहिल्यात आकडे आणि उपकरणं, दुसऱ्यात त्यांची चर्चा. चुंबकीय वादळ आलं की क्षेत्र कसं घसरतं आणि मग हळूहळू कसं सावरतं, याचा त्यांनी घेतलेला शोध पुढे जगभरच्या अभ्यासकांनी वापरला. एवढं काम, आणि वाचकवर्ग जेमतेम मूठभर. (स्वतःच्या आर्टिकलला किती लाइक्स आले ते दर दहा मिनिटांनी बघणाऱ्या आम्हा लोकांनी यावर न बोललेलं बरं.)

मग २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी, अमेरिकेच्या ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलच्या वॉल्टर गोन्झालेस यांच्या साथीने, कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी बाहेर काढल्या. १८५९ चं वादळ नेमकं किती मोठं होतं, हे त्या सोळाशेच्या आकड्यावरून जगाला सांगता आलं. संस्था १९७१ ची, आता मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे तीही रायगड जिल्ह्यातच. एक्स्प्रेसवेला लागताना तुम्ही तिच्या परिसरातून कितीदा तरी गेला असाल.

आणि हे जगाला हवं का होतं? मार्च १८५९ नव्हे, मार्च १९८९ मध्ये असंच, पण याहून बरंच लहान वादळ आलं आणि कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका वादळात स्टारलिंकचे नुकते सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गेले. मे २०२४ मध्ये लडाखमधून लाल आकाशाचे फोटो आले, आठवतंय? सगळ्यांनी स्टेटसला ठेवले होते. ते वादळ सोळाशेच्या साधारण पाव हिश्शाचं. उद्या कॅरिंग्टनच्या तोडीचं आलं तर पॉवर ग्रिड, जीपीएस, बँकांची घड्याळं यांचं काय होईल, याचा अंदाज बांधायला इंजिनिअर लोक सगळ्यात वाईट दिवस कोणता होता ते विचारतात. तो दिवस लिहून ठेवला होता कुलाब्यात. आणि त्या नोंदी आजच्या नोंदींशी जुळवून वाचता येतात, कारण एका माणसाने ट्राम यायच्या आधी दोन वर्षं दोन्हीकडे मोजून ठेवलं.

प्रोफेसर लोक याला काय म्हणतात?

तंत्रज्ञानावर ताबा कसा ठेवायचा, त्यातलं बरं-वाईट कुणी ठरवायचं, हा आता अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. डेव्हिड कॉलिंगरिज या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० मध्ये त्यातला मुख्य पेच मांडला. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते वळवता येतं, पण त्याचे परिणाम कळलेले नसतात. परिणाम कळतात तोपर्यंत ते इतकं रुजलेलं असतं की वळवायला जावं तर सगळं उखडतं. कोलकात्यात जन्मलेल्या, हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या शीला जॅसनॉफ यांनी तर आख्खं करिअर याच विषयात घालवलं आणि २०२२ चा होलबर्ग पुरस्कार मिळवला. आपल्याला काय माहीत नाही, हे मान्य करून निर्णय घ्यायची सवय लावा, हे त्यांचं सांगणं.

या पेचाचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार नंबर दिला गेला. आधारचा कायदा आला २०१६ मध्ये. सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१८ मध्ये. वैयक्तिक डेटा जपण्याचा कायदा २०२३ मध्ये, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात आपण सिमसाठी, बँकेसाठी, मुलाच्या शाळेसाठी अंगठे देऊन मोकळे. आधार वाईट असं मी म्हणत नाहीये. अनेकांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी ओळख आली ती त्यामुळे. मुद्दा क्रमाचा आहे. १९०४ मध्ये मोजमाप आधी आणि ट्राम नंतर. टेंभलीत ट्राम आधी धावली, आणि नियमांचे रूळ मागून टाकले.

मूस यांनी नीतिशास्त्रावर काही लिहिलं म्हणून ते इथे आलेले नाहीत. ते आले ते त्यांनी सरकारी चौकटीत राहून करून घेतलेल्या एका गोष्टीमुळे. नवं येऊ द्यायचं, पण त्याने जे पुसलं जाणार आहे त्याची नोंद पुरी होईपर्यंत त्याने दम धरायचा. यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. काय बिघडणार हे आधी कळणारा माणूस खुर्चीत हवा. त्याचं ऐकणारं सरकार हवं. आणि 'दोन वर्षं' असा हिशेब हवा, कारण 'अनिश्चित काळ थांबा' कुणीच ऐकत नाही.

नारायणगावला विचारा

इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. पण १९०४ मध्ये कुलाब्याहून सुई हलवता आली, कारण ती हलवता येण्याजोगी होती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटर परिसरात पसरलेल्या. अवकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश त्या टिपतात. आता पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा २३५ किलोमीटरचा मार्ग नारायणगाववरून जाणार होता. विजेची रेल्वे, रेडिओ गोंगाट, आणि समोर दुर्बीण. थेट १९०० ची मुंबई! २०२४-२५ च्या सुमारास रेल्वेमंत्र्यांनी सांगून टाकलं, की जीएमआरटीमुळे तो मार्ग जमणार नाही, शिर्डीकडून दुसरा मार्ग पाहू.

शास्त्रज्ञ सुटले. नारायणगाव, मंचर, संगमनेरचे लोक भडकले, आणि का भडकू नयेत? टोमॅटो मार्केटला नेणारा शेतकरी, दर आठवड्याला एसटीत उभं राहून पुण्याला कामावर येणारा मुलगा, यांच्या हिशेबात दूरच्या दीर्घिकेची किंमत किती धरायची? आणि ती धरायची कुणी? तीस तबकड्या तर समुद्रापार नेता येत नाहीत. तंत्रज्ञानाच्या नीतीवरचं कुठलंही पुस्तक या प्रश्नाचं तयार उत्तर देत नाही. मला इतकंच वाटतं, की वेधशाळा आणि रेल्वे दोघांनी पहिल्याच दिवशी एका टेबलाशी बसायला हवं होतं, आणि टेबलाभोवती तिसरी खुर्ची नारायणगावची हवी होती. मुंबईच्या वेळीही ट्रामच्या प्रवाशांना कुणी विचारलं नव्हतंच. फरक इतकाच, की तेव्हा त्यांचं नुकसान थोडक्यात निभावलं आणि ट्राम शेवटी त्यांच्याच दारातून गेली.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले, १९३६ मध्ये गेले. ज्या ट्रामसाठी सुईला समुद्र ओलांडावा लागला, ती ट्राम पुढे दुमजली झाली, सिनेमात दिसली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. तिचे रूळ रस्त्यांच्या डांबराखाली गेले. सुई अलिबागलाच आहे.